थरथरत्या पावलांचा यात्रेकरू



पोप संत जॉन पॉल दुसरे ह्यांना देवाघरी जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आज दृढीकरणाच्या वर्गात बसणारी मुले त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेली आहेत. वडीलधाऱ्यांना मात्र फेब्रुवारी १९८६ मधील त्यांची गोवा, मुंबई आणि पुण्याची भेट आठवत असेल. त्या वेळी पाहिलेले पोप ताठ चालणारे, खणखणीत आवाजाचे होते. त्यांच्या चरित्राची एकच बाजू आज आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत. आयुष्यभर पायी चालणाऱ्या ह्या माणसाला कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराने गाठले. त्यानंतर तो कसा चालला, एवढेच आपण पाहू.

त्यांचे मूळ नाव कॅरोल वोयतिला. जन्म १८ मे १९२० रोजी पोलंडमधील वादोवित्से ह्या लहानशा गावी झाला. कॅरोल नऊ वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा १९२९ च्या एप्रिलमध्ये त्याची आई वारली. वडील मुलांना घेऊन काल्वारिया झेब्झिडोव्स्का ह्या जवळच्या यात्रास्थानी गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील डोंगरउतारावर येरुशलेमच्या पवित्र स्थळांची आठवण देणारी छोटी प्रार्थनामंदिरे बांधली गेली. आज ती चाळीसहून अधिक आहेत. त्यांना जोडणाऱ्या पायवाटा रानातून, चढउतारावरून जातात. भाविक प्रार्थना करीत, गाणी म्हणत, तासन्‌तास ह्या वाटा तुडवतात. आई गमावलेल्या मुलाला वडिलांनी ही वाट दाखवली, आणि ती त्याने कधी सोडली नाही.

पुढे १९३२ साली डॉक्टर असलेला थोरला भाऊ रुग्णाकडून संसर्ग होऊन गेला. १९४१ साली वडीलही गेले. जर्मन अमलाखाली कॅरोलने दगडाच्या खाणीत आणि रसायनाच्या कारखान्यात मजुरी केली. १ नोव्हेंबर १९४६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरुण धर्मगुरू असताना ते विद्यार्थ्यांबरोबर डोंगर चढत, नदीत होडी वल्हवत, बर्फावर स्कीइंग करीत. क्राकोचे महागुरू झाल्यावरही मनावर ओझे असले की ते काल्वारियाला जात आणि त्या वाटांवर एकटेच प्रार्थना करीत फिरत.

ते तत्त्वज्ञानाचे अध्यापकही होते. १९६९ साली त्यांनी मानवी व्यक्ती आणि तिची कृती ह्या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही त्या ग्रंथाशी झुंज दिली आहे. तो सोपा नाही, पण त्याचा गाभा सांगता येतो. माणूस कोण आहे हे त्याच्या कृतीतून उघड होते. एखादी गोष्ट माझ्या बाबतीत नुसती घडणे वेगळे आणि ती मी स्वतः करणे वेगळे. पाय घसरून पडणे हे घडते, गुडघे टेकणे ही कृती आहे. हे लिहिणाऱ्या माणसाचे शरीर पुढे अशा आजाराच्या ताब्यात गेले की ज्यात हात आपण हलवत नाही, तरी तो हलत राहतो.

१६ ऑक्टोबर १९७८ रोजी ते पोप झाले. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातूनही ते उठले. ऑगस्ट १९८९ मध्ये स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथे, संत याकोबाच्या प्राचीन पदयात्रेच्या अखेरच्या टप्प्यावर, जगभरचे तरुण जमले होते. तेथे पोपही यात्रेकरूचा अंगरखा घालून, हाती काठी घेऊन आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचा डावा हात थरथरू लागला. १९९४ साली ते न्हाणीघरात पडले, मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आता हातात आलेली काठी आधाराची होती.

कंपवाताविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमज फार. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन ह्यांनी १८१७ साली ह्या आजाराचे वर्णन लिहिले. मेंदूच्या एका भागातील पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात आणि शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत जातो. हात थरथरतो, स्नायू ताठरतात, पावले लहान होतात. कधी दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. आवाज बारीक होतो. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की ह्याला काही कळत नाही. पुष्कळदा त्याला सारे कळत असते. गोळ्यांनी बराच आराम पडतो, पण त्या वेळेवर घ्याव्या लागतात. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही.

व्हॅटिकनने बराच काळ ह्या आजाराचे नाव उघडपणे घेतले नाही, पण जग पाहतच होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप दिल्लीला आले तेव्हा आपल्या लोकांनीही तो वाकलेला देह पाहिला. पुढच्याच वर्षी, २००० च्या महोत्सवी वर्षात, त्यांनी तारणाच्या इतिहासातील स्थळांची यात्रा करायची ठरवली. अब्राहामाचे ऊर हे गाव इराकमध्ये. तेथे जाण्याची बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी व्हॅटिकनच्या सभागृहातच भाविकांसोबत अब्राहामाचे स्मरण करून ती यात्रा मनाने केली. मग ते सिनायला गेले. मार्च महिन्यात नबो डोंगरावर उभे राहिले. वचनदत्त देश मोशेने तेथूनच डोळ्यांनी पाहिला, पण त्याचे पाऊल त्या भूमीला लागले नाही.

२६ मार्च २००० हा पवित्र भूमीतील शेवटचा दिवस. सकाळी येरुशलेमच्या पवित्र कबरेच्या मंदिरात मिस्सा झाली होती. दुपारी, कार्यक्रमात नसताना, त्यांनी पुन्हा तेथे जाण्याची इच्छा व्यक्त केली. कालवारीच्या जागी जायला त्या मंदिरात उभ्या चढणीच्या अरुंद पायऱ्या आहेत. धडधाकट माणूसही तेथे जपून पाऊल टाकतो. जवळपास ऐंशी वर्षांचे पोप त्या पायऱ्या चढून गेले आणि क्रूसाच्या जागी प्रार्थना करीत राहिले. लहानपणी काल्वारियाच्या डोंगरावर सुरू झालेली वाट त्या दिवशी मूळ कालवारीला पोहोचली.

पुढे पाय अधिकच थकले. त्यांना चाकांच्या आसनावरून नेऊ लागले. ऑगस्ट २००२ मध्ये ते पोलंडला शेवटचे गेले आणि त्या भेटीच्या अखेरच्या दिवशी काल्वारियाला मिस्सा केली. त्या पायवाटा तशाच होत्या, पण आता त्या चालणे त्यांना शक्य नव्हते. १४ ऑगस्ट २००४ रोजी ते लूर्डला आले. हा त्यांचा १०४ वा आणि शेवटचा परदेश प्रवास. तेथे ते आजारी यात्रेकरूंच्या निवासातच राहिले. मातेच्या गुहेसमोर गुडघे टेकताना त्यांना इतरांनी सावरले. दुसऱ्या दिवशी मिस्सेत प्रवचन वाचताना ते मध्येच थांबले, पाणी मागितले, आणि पुन्हा वाचू लागले. रुग्णांसाठीचा जागतिक दिन त्यांनीच १९९२ साली घोषित केला होता. आता ते स्वतः त्या रुग्णांच्या रांगेत होते.

२५ मार्च २००५ च्या गुड फ्रायडेला रोममधील कलोसियमची क्रूसाची वाट त्यांनी आपल्या खासगी प्रार्थनामंदिरात बसून पडद्यावर पाहिली, हातात क्रूस धरून. ईस्टरला ते खिडकीत आले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. २ एप्रिलच्या रात्री यात्रा संपली. २७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संतपद मिळाले.

त्या काळी अनेकांनी विचारले की हे सारे जगापुढे दाखवण्याची गरज काय, त्यांनी पद का सोडले नाही? प्रश्न खोटा नव्हता. पुढे २०१३ साली पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी शक्ती कमी झाल्याचे ओळखून पद सोडले, आणि तोही देवापुढे विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. प्रत्येक आजारी माणसाने लोकांपुढे आलेच पाहिजे, असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला दिसते ते इतकेच : हात थरथरणे ही कृती नव्हती, ते घडत होते. पण तो हात न लपवणे, दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेणे, चाकांच्या आसनावर बसायला हो म्हणणे, ह्या त्यांनी स्वतः केलेल्या कृती होत्या. आधार घेणाराही काहीतरी करीत असतो. यात्रेकरूची ओळख त्याच्या पायांच्या ताकदीत शोधली, तर ह्या माणसाला २००२ नंतर यात्रेकरू म्हणता आले नसते. आणि तरी लूर्डला त्या दिवशी त्यांच्याइतका खरा यात्रेकरू कोण होता?

आपल्या धर्मग्रामातही असे कोणी ना कोणी असते. ख्रिस्तशरीर घेताना हात थरथरेल, लोक बघतील, म्हणून आजोबा घरीच बसतात. पायी यात्रेची नावे लिहिताना बाय म्हणते की मला वगळा, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल. त्यांच्या घरच्यांना आमचे सांगणे आहे : डॉक्टरांना विचारा, गोळ्यांच्या वेळा सांभाळा, आणि त्यांना घेऊन या. पुष्कळांना मोजत, ताल धरून पाऊल टाकले की चालणे सोपे जाते, म्हणून कोणीतरी त्यांच्या पावलाने चाला. पूर्ण वाट जमत नसेल तर शेवटचा एक फर्लांग पुरे. तोही जमत नसेल तर खुर्ची आणा. रांगेत उभे राहणे जड जात असेल तर बाकावरच थांबा, ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही तेथे येऊ.

आणि पाय थबकले, तर मागून घाई करू नका. थोडे थांबा. पाऊल उचलेल.

आपला,
धर्मगुरू