प्रतिपक्षाने जपलेले तर्काचार्य : दिङ्नाग

भारतीय तर्कशास्त्राला नवे वळण देणारे बौद्ध आचार्य दिङ्नाग यांचा काळ साधारणतः इ. स. ४८० ते ५४० असा मानला जातो. तिबेटी परंपरेनुसार कांचीनजीक एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि त्यांनी वात्सीपुत्रीय पंथाची दीक्षा घेतली. या पंथाने मानलेला अनिर्वचनीय 'पुद्गल' शोधण्यासाठी त्यांनी दिवसा खिडक्या उघडल्या, रात्री दिवे लावले, वस्त्रे उतरवून स्वतःला न्याहाळले. तो सापडला नाही आणि गुरूंनी त्यांना मठाबाहेर काढले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते वसुबंधूंचे शिष्य झाले, असे हीच परंपरा सांगते. ह्युएन त्संगने महाराष्ट्रातील ज्या विहारात त्यांच्या वास्तव्याची नोंद केली, तो विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात.

तत्कालीन वादसभांपुढे एक पेच होता. वेद न मानणाऱ्याला वेदवचनाने आणि बुद्ध न मानणाऱ्याला बुद्धवचनाने पटवता येत नसे. उभयपक्षी मान्य होईल अशी कसोटी हवी होती. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानत. 'प्रमाणसमुच्चया'त दिङ्नागांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच स्वीकारली. वैशेषिकांचीही भूमिका तीच होती. पक्ष, हेतू, दृष्टांत ही वादाची रूढ परिभाषा मात्र त्यांनी टाकली नाही. ती अधिक काटेकोर केली. धुरावरून अग्नीचे अनुमान करायचे, तर धूर पर्वतावर असला पाहिजे, स्वयंपाकघरासारख्या अग्नी असलेल्या ठिकाणी आढळला पाहिजे आणि अग्निरहित जलाशयावर कधीही आढळता कामा नये. हेतूच्या या तीन अटींना त्यांनी नेमके रूप दिले.

नैयायिक उद्योतकरांनी 'न्यायवार्तिका'त त्यांच्यावर प्रखर टीका केली. पण त्याच ग्रंथात दिङ्नागांच्या हेतू-वर्गीकरणाचा विस्तारही केला. उत्तरकालीन नैयायिकांनी त्या तीन अटी कायम ठेवून आणखी दोन जोडल्या. मीमांसक कुमारिल भट्टांनीही नाम-जातीविरहित प्राथमिक प्रत्यक्ष मान्य केले. मात्र तेवढेच प्रत्यक्ष, हे नाकारले.

'प्रमाणसमुच्चया'चे मूळ संस्कृत हस्तलिखित आज अखंड उपलब्ध नाही. ग्रंथ तिबेटी भाषांतरांत टिकला. २००५ मध्ये जिनेंद्रबुद्धींच्या टीकेचा पहिला अध्याय संस्कृतात प्रकाशित झाल्याने मूळ शब्दांची जुळवाजुळव सुकर झाली. त्याआधी त्यातील कित्येक संस्कृत वचने अभ्यासकांना मिळत ती न्याय, मीमांसा आणि जैन ग्रंथांत. प्रतिपक्षाने ती खंडनासाठी उद्धृत केली होती, म्हणूनच ती वाचली.