विश्लेषण : मातीतले खाशाबा मॅटवर कसे जिंकले?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. कर्जत-खालापूरमध्ये त्यासाठी घाम गाळणाऱ्या तरुणांच्या सरावात आता जोर-बैठकांबरोबर केटलबेलही आले आहे. पण ताकद असणे वेगळे आणि ती चाचणीच्या नियमांत बसवणे वेगळे. खाशाबा जाधव यांना हा फरक ऑलिम्पिकमध्येच कळला.

खाशाबा कोण होते?

१५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. चण लहान, पण चपळाई विलक्षण.

लंडनमध्ये काय अडले?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ५२ किलो गटात उतरले. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चितपट केले की निकाल लागतो. मॅटवर मात्र ठरावीक वेळ, गुण आणि पंचांचा कौल असतो. पायाखालचा पृष्ठभागही वेगळा. या प्रकाराची फारशी सवय नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

मग तयारी कशी बदलली?

पुढची चार वर्षे त्यांनी सरावाचा कस वाढवला आणि वरच्या, ५७ किलो गटात उतरायचे ठरवले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले.

हेलसिंकीत काय घडले?

१९५२ मध्ये त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीविरुद्धची दमवणारी लढत गमावल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून द्यायला त्यांच्या बाजूचा एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा हरले, तरी कांस्यपदक त्यांचेच ठरले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले.

पुढे काय झाले?

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे.

आजच्या उमेदवाराने काय घ्यावे?

वजन उचलून ताकद येते, पण सराव चाचणीच्याच पृष्ठभागावर, तिच्याच वेळेत आणि क्रमाने करावा. नियमपत्रिका आधी वाचावी. विश्रांती किती मिळणार, हेही त्यातच पाहावे.