गादी, रक्त आणि शिक्षण

खाण तशी माती, ही म्हण आमच्या पेठेत दिवसातून दहा वेळा कानी पडते. ती बहुधा गरिबाच्या मुलास उद्देशून असते. आपल्या चिरंजीवांची गोष्ट निघाली म्हणजे हेच गृहस्थ चांगल्या मास्तरांची चौकशी करू लागतात. म्हणीची परीक्षाच पाहावयाची तर बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांच्या चरित्राहून उत्तम दाखला आम्हांस सुचत नाही.

महाराजांच्या आधी गादीवर होते मल्हारराव. रक्त पाहू जाता ते अगदी जवळचे, खंडेराव महाराजांचे सख्खे बंधू. परंतु बंधूंच्या कारकीर्दीत ते कैदेत पडले होते आणि १८७० साली कैदेतून उठून थेट सिंहासनावर बसले. राज्य कसे चालवावे हे त्यांस शिकविणार कोण? पुढे रेसिडेंटावरील विषप्रयोगाच्या आरोपाविषयी चौकशीमंडळाचे एकमत झाले नाही, तरी गैरकारभाराच्या सबबीवर इंग्रज सरकारने १८७५ साली त्यांस पदच्युत केले. (त्या निवाड्याविषयी वकील म्हणून आमचे मत सरकारास अनुकूल नाही, पण तो विषय निराळा.)

खंडेरावांच्या विधवा जमनाबाई ह्यांनी दत्तक घेतला तो नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. घराण्याच्या दूरच्या शाखेतील काशीराव तेथे शेती करीत. त्यांचा मुलगा गोपाळराव, वय वर्षे बारा, अक्षरओळख नाही. २७ मे १८७५ रोजी तोच सयाजीराव झाला. इलियट साहेबांच्या हाताखाली मुळाक्षरांपासून आरंभ होऊन मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी ह्या भाषा झाल्या. दिवाण सर टी. माधवराव ह्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. २८ डिसेंबर १८८१ रोजी अखत्यारी हाती आली, तेव्हा वय अठरा होते.

प्रतिपक्ष म्हणेल, गुण अंगचेच होते. असतील, विद्येची अशी भूक केवळ मास्तर उत्पन्न करू शकत नाही, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. परंतु दत्तकाचा शोध दुसऱ्या गावी गेला असता तर तेच रक्त आणि तीच भूक कवळाण्याच्या शिवारात नांगरामागे चालत राहिली असती, आणि खाण तशी माती म्हणावयास आपण मोकळे!

मात्र संगोपनाच्या कैवाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. महाराजांच्या पुत्रांस विद्येची वाण नव्हती. जयसिंहराव हार्वर्डास शिकले, शिवाजीराव ऑक्सफर्डास. दोघेही मद्याच्या आहारी जाऊन तरुणपणीच वारले, आणि पित्याने आपल्या हयातीत तीन पुत्रांचे मृत्यू पाहिले. मद्यासक्तीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून आज मानतात. पण कोणा एकाच्या बाबतीत रक्ताचा दोष किती व राजवाड्यातील रिकामपणाचा किती, ह्याचा जमाखर्च कोणासही मांडता येत नाही. आम्हांस इतकेच दिसते की पित्यास अठराव्या वर्षी काम मिळाले, पुत्रांस ते मिळाले नाही.

हा हिशेब सुटत नसला तरी महाराज थांबले नाहीत. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी शिक्षण सक्तीचे केले आणि १९०६ साली सर्व राज्यात. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. त्यांच्या बाबतीत खाणीची गोष्ट सांगणारे तर शेकड्यांनी होते. १९०६ च्या कायद्याने मुलगे सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत शाळेत बसविले जात. महाराजांनी स्वतः पहिले अक्षर गिरविले ते बाराव्या वर्षी.