वेल्स यांची चमत्कारकथा

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म १८६६ सालीं इंग्लंडांतील ब्रॉमली येथें एका गरीब दुकानदाराच्या घरीं झाला. कापडदुकानांतील उमेदवारी सोडून ते शास्त्र शिकले व शास्त्रीय कल्पनांवर कथा लिहूं लागले. १८९८ सालच्या त्यांच्या एका लघुकथेंत चमत्काराची शक्ति लाभलेला कारकून केवळ रात्र लांबावी म्हणून पृथ्वीचें फिरणें थांबवितो, आणि क्षणांत सारें भिरकावलें जातें. सत्तरीच्या उंबरठ्यावर वेल्स यांनीं स्वतःच तिची चित्रपटकथा लिहिली. १९३६ च्या या बोलपटांत कारकुनाचा दुकानांतील नोकर झाला. तो जगांतील सत्ताधाऱ्यांस समोर बोलावून आपलें सामर्थ्य दाखविण्याकरितां पृथ्वी थांबवितो. कथेंतील अविचाराच्या जागीं पडद्यावर सत्तेचा मद आला. दोन्हींत नायक अखेर ती शक्ति टाकूनच देतो. १९४५ सालीं अणुबाँब पडले; पुढील वर्षीं वेल्स निवर्तले. विवेकाविण सामर्थ्य घातक, हें विद्यार्थ्यांनीं या कथेवरून ध्यानीं घ्यावें.