चौदाव्या वर्षापर्यंतची शाळा

सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. इंग्रजी पहिलीत दाखल झालेला हा विद्यार्थी वर्गात इतरांपासून वेगळा, घरून नेलेल्या गोणपाटावर बसे. तहान लागली तर स्वतः पाणी घेण्याची मुभा नव्हती. शिपायाने दिले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. या मुलाला शाळा मिळाली होती, परंतु ती इतरांच्या मर्जीवर टिकून होती.

वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत संसार थाटला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीने १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले. बाबासाहेबांच्या बुद्धिमत्तेविषयी शंका नाही. परंतु वडिलांचा निर्धार, गुरुजींची माया आणि एका राजाचे औदार्य एकत्र आले म्हणून तिला वाट मिळाली. ज्या लाखो मुलांना यांतले काहीच लाभत नव्हते, त्यांचे काय, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढील वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी शिक्षणाचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचत. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करी आणि अबकारीतून त्याच्या दुपटीहून अधिक वसूल करी. निदान लोकांकडून त्या वाटेने घेतले जाते तेवढे तरी शिक्षणावर खर्च व्हावे, अशी त्यांची मागणी होती.

स्वतंत्र भारताचे संविधान घडू लागले तेव्हा मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बाबासाहेब होते. तिच्या मसुद्यात प्राथमिक शिक्षणाचा हक्क होता. एप्रिल १९४७ मध्ये सल्लागार समितीत पैशाची अडचण पुढे आली. सरकारजवळ निधी नसेल तर न्यायालय काय करणार, असा आक्षेप निघाला आणि ते कलम, ज्यांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, अशा तत्त्वांमध्ये गेले. तरीही मसुद्याच्या कलम ३६ मध्ये प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा अर्थाचे शब्द शिल्लक होते.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. लक्ष्मीकांत मैत्र यांनी हक्काचा उल्लेख वगळण्याची सूचना मांडली. या विभागातील इतर कलमांप्रमाणे हेही राज्याला दिलेले मार्गदर्शन असावे, असा त्यांचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी ती सूचना स्वीकारली. आज ही नोंद वाचताना आपले मन क्षणभर अडखळते. परंतु त्याच बैठकीत नझिरुद्दीन अहमद यांनी ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित करावी असे सुचविले, तेव्हा मात्र बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. दुसऱ्या एका कलमाने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात व खाणीत कामास ठेवण्यास मनाई केली होती. मग त्या वयापर्यंत मूल कोठे असावे? शाळेतच असावे. हक्क हा शब्द गळाला, चौदा हे वय मात्र त्यांनी राखले. कलम ४५ म्हणून ते संविधानात आले, तेही दहा वर्षांच्या मुदतीसह.

त्यानंतर सतराच दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याच्या कलम २६ ने शिक्षण हा प्रत्येक माणसाचा हक्क ठरविला. आपल्या संविधान सभेच्या सदस्या हंसा मेहता या तो मसुदा तयार करणाऱ्या आयोगावर होत्या. मात्र जाहीरनामा हा राष्ट्रांवर बंधनकारक करार नव्हता. बंधनकारक करार १९६६ मध्ये झाला. भारताने तो १९७९ मध्ये स्वीकारला.

बाबासाहेब केवळ कायद्यावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये उलटली, उद्दिष्ट अपुरे राहिले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ४५ चाच आधार घेऊन १४ वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा या वयाची मुले आज शाळा हक्काने मागू शकतात. त्या हक्काची वरची मर्यादा तीच आहे, जी बाबासाहेबांनी १९४८ मध्ये कमी होऊ दिली नाही.

वसतिगृहात शिकून मोठे झालेल्या आपणा सर्वांना मर्जीवरची शाळा आणि हक्काची शाळा यांतील अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या वस्तीतील एखादे मूल चौदाच्या आत वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाताना दिसले, तर त्याला शाळेपर्यंत पोहोचविणे हे त्या अपुऱ्या राहिलेल्या मुदतीचे आपल्याकडचे देणे आहे.