जमशेटजी टाटा आणि सह्याद्रीची वीज

१८७४ साली मुंबईच्या रस्त्यांवर पहिली ट्राम धावू लागली. ती घोडे ओढीत असत. त्याच वर्षी मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याने नागपुरास कापडाची गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. ते गृहस्थ म्हणजे जमशेटजी नसरवानजी टाटा होत.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. त्या काळी गिरणी काढावी ती मुंबईत, अशी समजूत होती. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. भोवती कापूस पिकविणारा मुलूख होता आणि रेल्वेही आली होती. १ जानेवारी १८७७ रोजी त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभी काटकसरीने घेतलेली यंत्रे कुचकामी ठरली. तेव्हा त्यांनी ती बदलून उत्तम यंत्रे आणविली. कताईच्या नव्या 'रिंग' चात्या वापरण्यास इंग्लंडातील गिरणीवालेही कचरत होते. जमशेटजींनी त्या नागपुरात चालवून दाखविल्या. नवे साधन सरस असेल तर जुन्याचा मोह धरू नये, हा धडा त्यांनी येथे गिरविला.

मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. त्यांना लागणारा कोळसा दुरून येई व महाग पडे. धुराने शहर काळवंडे. सह्याद्रीवरील पाण्यापासून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली आणि जमशेटजींनी ती उचलून धरली. घाटमाथ्यावर कोसळणारे पावसाचे पाणी लोणावळ्याजवळ धरणे बांधून अडवावे, नळांतून ते पायथ्याशी सोडावे, त्याच्या जोराने चक्रे फिरवावी आणि निर्माण झालेली वीज तारांनी मुंबईस न्यावी, अशी ती योजना होती.

परंतु ती सिद्धीस जाण्यापूर्वीच १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. १९०७ साली मुंबईत घोड्यांच्या जागी विजेची ट्राम आली. पण तिची वीज कोळसा जाळूनच होत असे. जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांनी पित्याचे कार्य पुढे चालविले. १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली आणि गिरण्यांतील यंत्रे तिच्यावर फिरू लागली.

ते दृश्य पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. मुंबईची ट्रामही १९६४ साली बंद झाली. सह्याद्रीचे पाणी मात्र खोपोलीस आजही वीज देत आहे.