विश्लेषण : परवानगी मिळाली असे कॅप्टन व्हान झान्टेन यांना का वाटले?

नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातील सर्वाधिक बळी घेणारा अपघात आकाशात नव्हे, तर धावपट्टीवर झाला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला. धडक देणाऱ्या विमानाचे कॅप्टन होते नेदरलँड्सचे याकोब वेल्डहौझेन व्हान झान्टेन. इतरांना जम्बो चालवायला शिकवणाऱ्या या वैमानिकाकडून परवानगीविना उड्डाण कसे सुरू झाले?

कोण होते व्हान झान्टेन?

त्यांचा जन्म १९२७ मध्ये नेदरलँड्समधील लिसे येथे झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते वैमानिक झाले आणि पुढे केएलएम या डच विमान कंपनीत जम्बो वैमानिकांचे मुख्य प्रशिक्षक बनले. त्यांच्या खात्यावर सुमारे ११,७०० तासांचे उड्डाण जमा होते. कंपनीच्या जाहिरातीतही त्यांचाच चेहरा होता. मात्र, त्यांचा बराच वेळ सिम्युलेटरवर जाई. तेथे नियंत्रकाची भूमिका प्रशिक्षकच करतो. म्हणजे उड्डाणाची परवानगीही तोच देतो.

त्या दिवशी घाई कशाची होती?

ॲम्स्टरडॅमहून निघालेले त्यांचे विमान ग्रान कनारिया बेटावर उतरणार होते. तेथील विमानतळावर फुटीरतावाद्यांनी बॉम्बस्फोट घडवल्याने अनेक विमाने शेजारच्या टेनेरिफमधील लॉस रोडेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. उभ्या विमानांनी टॅक्सीमार्ग अडला, त्यामुळे धावपट्टीवरूनच तिच्या टोकापर्यंत जावे लागत होते. डच नियमांनुसार कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास संपत आले होते. ते उलटले तर उड्डाण रद्द करून प्रवाशांची मुक्कामाची सोय करावी लागली असती. पुढचा वेळ वाचावा म्हणून व्हान झान्टेन यांनी तेथेच इंधन भरून घेतले. तोवर धुके दाटले. नियंत्रकांना धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरील विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते.

शब्दांचा गोंधळ कसा झाला?

केएलएमचे विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळून उभे राहिले. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचे जम्बो त्याच धावपट्टीवर मागून येत होते. वैमानिकाला दोन परवानग्या लागतात : उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे याची आणि प्रत्यक्ष उड्डाणाची. स्पॅनिश नियंत्रकाने पहिली दिली. पण तिच्या वाक्यात टेकऑफ हा शब्द आला होता. सहवैमानिकाने ती सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी आपण टेकऑफवर आहोत, अशा अर्थाचे शब्द जोडले. तो बोलत असतानाच व्हान झान्टेन यांनी विमान पुढे काढले.

ते शब्द इंग्रजीत चमत्कारिक होते. विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला. डच भाषेत मात्र क्रिया चालू आहे हे सांगण्याची रचना अशाच धर्तीची आहे. ती इंग्रजीत उतरली असावी, असे काही भाषा अभ्यासकांना वाटते. मराठीत घरातून पाय बाहेर पडण्याआधीच आपण फोनवर निघालो असे सांगतो, ऐकणारा मात्र आपल्याला वाटेत धरतो. तसाच हा प्रकार.

नियंत्रकाने आधी होकारार्थी शब्द उच्चारला, मग थांबण्यास सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमचे वैमानिक आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगू लागले. एकाच लहरीवर दोघे बोलल्याने केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश आवाज झाला. दोन्ही इशारे नीट पोहोचले नाहीत.

सहकाऱ्यांनी रोखले नाही का?

एकदा रोखले होते. व्हान झान्टेन यांनी त्याआधीच इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा परवानगी यायची असल्याची आठवण सहवैमानिकाने करून दिली होती. दुसऱ्यांदा तो गप्प राहिला. जम्बोसाठी त्याची चाचणी काही आठवड्यांपूर्वी व्हान झान्टेन यांनीच घेतली होती. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनीअरने समोरचे विमान बाजूला झाले नाही का, अशी शंका काढली. कॅप्टनने ते झाल्याचे ठामपणे सांगितले आणि विषय संपला. काही सेकंदांनी पॅन ॲमचे विमान समोर दिसले. व्हान झान्टेन यांनी विमान उचलण्याचा प्रयत्न केला. पण इंधनाने जड झालेले ते धूड पुरेसे वर गेले नाही. केएलएमच्या विमानातील सर्व २४८ जण दगावले, पॅन ॲमच्या ३९६ पैकी ६१ वाचले. अपघाताची बातमी आली तेव्हा केएलएमच्या अधिकाऱ्यांनी चौकशीसाठी प्रथम व्हान झान्टेन यांचाच शोध घेतल्याचे सांगितले जाते.

दोष कोणाचा ठरला?

स्पेनच्या चौकशीने परवानगीविना उड्डाण हे मूळ कारण मानले. डच तज्ज्ञांनी दोन्ही बाजूंच्या गैरसमजावर भर दिला. अखेर केएलएमने जबाबदारी स्वीकारून भरपाई दिली.

त्यानंतर काय बदलले?

टेकऑफ हा शब्द आता फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती मागे घेताना वापरतात. एरवी डिपार्चर म्हणतात. महत्त्वाच्या सूचनेला नुसता होकार चालत नाही, ती पूर्ण परत म्हणून दाखवावी लागते. १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेनंतर कॉकपिटमधील सहकार्याचे प्रशिक्षण विकसित झाले. कनिष्ठाने शंका बोलून दाखवणे आणि वरिष्ठाने ती ऐकून घेणे, हा त्याचा गाभा आहे.

भाषेचा प्रश्न मात्र उरला. १९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण मरण पावले. त्या चौकशीतही कझाक वैमानिकांच्या अपुऱ्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजी संभाषणाची किमान पातळी ठरवून दिली. ती गाठल्याचे चाचणीत सिद्ध करावे लागते.